पुडिंगचा पत्रा: गिलरेचं व्यंगचित्र तांब्यावर पुन्हा उतरवताना

१२ जानेवारी

काम एका ओळीत सांगायचं तर असं: इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं १८०५ सालचं ‘द प्लम पुडिंग इन डेंजर’ हे व्यंगचित्र मूळ मापात तांब्याच्या पत्र्यावर एच करायचं (म्हणजे सुईने काढलेल्या रेघा आम्लाने खोल करायच्या), छापायचं आणि हाताने रंगवायचं. चित्र ओळखीचं आहे. जेवणाच्या टेबलावर पृथ्वीचा गोळा पुडिंग म्हणून वाढलाय. डावीकडे लांब नाकाचा, काटकुळा विल्यम पिट, ब्रिटनचा पंतप्रधान, त्रिशुळासारखा काटा खुपसून समुद्राचा भलामोठा काप काढतोय. उजवीकडे बुटका नेपोलियन खुर्चीतून अर्धवट उठून तलवारीने युरोप कापतोय. डोक्यावरची टोपी त्याच्यापेक्षा मोठी.

एचिंग मी बरीच वर्षं करते. रंगवण्यासाठी म्हणून छापलेली प्रत मात्र कधी केली नव्हती. एचिंगची माहिती हवी तेवढी मिळते, पण नंतर रंग चढवायचा असेल तर पत्रा कसा तयार करायचा यावर फारसं कुणी लिहीत नाही. या नोंदी त्यासाठी.

समोर ठेवायला बोनचं पान आहे. हेन्री बोन या लंडनच्या प्रकाशकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गिलरेचे मूळ पत्रे मिळवून पुन्हा छापले. तोवर गिलरेला जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती. बोनची पानं ओळखणं सोपं: कागद जाड, दोन्ही बाजूंना छपाई, रंग नाही. म्हणूनच ती स्वस्त मिळतात. कुणी असं पान ‘गिलरेच्या हयातीतलं’ म्हणून विकत असेल तर आधी ते उलटून बघा.

पत्रा १.२ मिमी जाडीचा, २६ × ३६ सेंमीला कापून घेतला. ५२ पौंड. प्रेस आणि आम्लाची टाकी सामायिक वर्कशॉपमधली, तिची फी वेगळी.

१८ जानेवारी

कडा कानशीने तिरक्या केल्या. हे टाळू नका. धारदार कड प्रेसखाली गेली की प्रेसचं ब्लँकेट कापलं जातं, आणि ते तुमच्या खिशातून भरावं लागतं.

पत्रा चिंच आणि मिठाने घासला, मग खडूच्या पुडीने. वर्कशॉपमध्ये यासाठी सोया सॉस ठेवलेला असतो, काम तेच. चिंच पाहून तिथले टेक्निशियन हसले, पण तांबं चमकलं. पाणी पत्र्यावरून सलग वाहायला हवं. थेंब फाटत असतील तर तेलकटपणा शिल्लक आहे असं समजायचं. वरच्या डाव्या कोपऱ्यात थोडं फाटत होतं. पुसलं आणि पुढे गेले.

ग्राउंड, म्हणजे आम्लापासून तांबं झाकणारा थर, नेहमीचं: मेण, डांबर आणि राळ यांचा गोळा. पत्रा तापवून त्यावर तो फिरवला, रोलरने एकसारखा पसरला, मग उलटा धरून खालून मेणबत्त्यांच्या जुडग्याची काजळी दिली. काळ्या थरावर सुई फिरली की तांबडी रेघ दिसते. काजळी दिली नाही तर आपण काय काढलं तेच कळत नाही.

२६ जानेवारी

चित्र उलटं कसं करायचं, या प्रश्नावर लोक उगाच अडतात. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने सुलटं चित्र उतरवायचं, कागद किंचित ओलसर करायचा, पत्र्यावर पालथा ठेवून हलक्या दाबाने प्रेसमधून काढायचा. पेन्सिलीची रेघ ग्राउंडवर उलटी उमटते. छापताना पुन्हा सुलटी होते. जुनी रीत आहे, अजून चालते.

बारीक अक्षरं मात्र उमटली नाहीत. ती हाताने करावी लागणार.

२ फेब्रुवारी

सुईकाम. पिटची बाजू झाली, नेपोलियन निम्मा. बोनच्या पानात पिटच्या कोटावर आणि मागच्या भिंतीवर बरीच जागा मोकळी दिसते. मूळ पत्रा झिजून बारीक रेघा गेल्या असतील असं धरून मी तिथे आडव्या-तिरक्या रेघांचं जाळं दाट केलं. नेपोलियनच्या निळ्या कोटातही. काळ्या-पांढऱ्यात वजन येतंय.

९ फेब्रुवारी

आम्ल. गिलरेच्या काळात नायट्रिक वापरत, त्याची वाफ छातीत जाते. आम्ही एडिंबरा एच वापरतो: फेरिक क्लोराइडमध्ये सायट्रिक ॲसिड. नुसत्या फेरिकमध्ये खालेल्या तांब्याचा गाळ रेघेतच बसतो आणि पुढचं खाणं थांबवतो. सायट्रिकमुळे तो विरघळतो. सांडलं तर कपड्यावरचा डाग जन्मात जात नाही. वापरून झालेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही, तांबं असतं त्यात. वर्कशॉपमध्ये वेगळा पिंप आहे.

चेहरे आणि पुडिंगवरचे किनारे १५ मिनिटं. मग पत्रा बाहेर काढून त्यावर वार्निश, म्हणजे तिथलं खाणं थांबलं. खुर्च्या आणि टेबलाची चादर अर्ध्या तासापर्यंत. आकृत्यांच्या बाहेरच्या रेघा, तलवार, काटा यांना एकूण ५० मिनिटं.

ग्राउंड काढल्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यात मिरपूड सांडल्यासारखी टिंबं. पाणी फाटत होतं तीच जागा. तेलकट तांब्यावर ग्राउंड नीट धरलं नव्हतं, आम्ल खालून शिरलं. पाच मिनिटं आणखी घासलं असतं तर आठवड्याचं काम वाचलं असतं.

१५ फेब्रुवारी

टिंबं घालवली. स्क्रेपरने खरवडायचं, मग बर्निशरला तेल लावून दाबून घोटायचं, शेवटी १२००चा ओला पॉलिशपेपर. हाताचं मनगट दुखतं, बाकी काही अवघड नाही.

पहिली चाचणी-प्रत काढली. देखणी आली. भिंतीला खोली, कोटाला भार. टेक्निशियन म्हणाले, “गिलरेपेक्षा जास्त गिलरे दिसतोय.” तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

२१ फेब्रुवारी

अक्षरं. पत्र्यावर दुसरं ग्राउंड दिलं आणि खालची पट्टी आरशात बघत लिहिली. गिलरेने उमेदवारी केली ती हॅरी ॲश्बी या अक्षरं कोरणाऱ्या कारागिराकडे, नंतर तो रॉयल ॲकॅडमीच्या शाळेत गेला. उलटं लिहिणं त्याच्या हातात लहानपणापासून होतं, म्हणून शीर्षकाची ती वेलांटीदार अक्षरं इतकी सहज वाटतात. माझ्या हातात नाही. प्रकाशनाच्या ओळीत, ‘सेंट जेम्सेस स्ट्रीट’मधला एक एस पत्र्यावर सुलटा लिहिला गेला, म्हणजे कागदावर उलटा आला. या ओळीत एस इतके आहेत की एखादा निसटणारच.

दुरुस्ती अशी: अक्षर घोटून काढलं की तिथे खड्डा राहतो आणि त्यात शाई साचते. म्हणून कॅलिपरने नेमकी जागा पत्र्याच्या पाठीवर खूण करायची, पत्रा लोखंडी ठोकळ्यावर पालथा ठेवायचा आणि छोट्या हातोडीने खड्डा मागून वर आणायचा. मग पुन्हा ग्राउंड, पुन्हा सुई. एका अक्षरासाठी अख्खी दुपार.

ती ओळ मुळात का असते? १७३५च्या कायद्याने, जो चित्रकार हॉगार्थच्या खटपटीमुळे आला, चित्रकाराला हक्क मिळायचे ते पत्र्यावर प्रकाशनाची तारीख आणि मालकाचं नाव असेल तरच. त्यामुळे ही चित्रं दिवसासकट आपल्या हाती लागतात: २६ फेब्रुवारी १८०५, एच. हंफ्री, २७ सेंट जेम्सेस स्ट्रीट. हॅना हंफ्रीचं ते दुकान, वरच्या मजल्यावर गिलरे राहायचा.

तारीख लिहिताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. १८०५ साली आजच्याच दिवशी भरतपूरच्या किल्ल्यावरचा इंग्रज सेनापती जनरल लेकचा चौथा हल्ला फसला. ९ जानेवारीपासून चार हल्ले, चारही वाया. आत रणजितसिंह जाट आणि सोबतीला यशवंतराव होळकर. पाच दिवसांनी लंडनच्या खिडकीत पिट पृथ्वी कापत उभा राहिला. भरतपूरची बातमी तेव्हा जहाजातसुद्धा चढली नव्हती. पिटच्या ताटात जो काप चाललाय तो अटलांटिकचा. आपल्याकडचा घास तेव्हा त्यांच्या घशात अडकला होता, एवढंच मला म्हणायचंय.

१ मार्च

पहिल्या प्रतीवर रंग. दोन्ही बाजूंनी नापास.

एक, कागद. मी नेहमीचा मऊ, सरस (कागदाने रंग पिऊ नये म्हणून द्यायचा चिकट लेप) न दिलेला एचिंगचा कागद वापरला होता. शाई सुंदर उचलतो, पण जलरंग टिपकागदासारखा पितो. पिटच्या कोटाचा लाल खुर्चीत घुसला, मागून आरपार दिसायला लागला.

दोन, आणि हे जास्त वाईट: सरसवाल्या कागदाच्या तुकड्यावर दुसरी प्रत काढून रंगवली, तरी चित्र मळकट. रंग जागच्या जागी राहिला, पण माझ्या दाट रेघांच्या जाळ्यावर निळा बसला की काळा दिसतो आणि लाल बसला की विटकरी. पुडिंगचा पिवळा चिखलाचा झाला. काळ्या-पांढऱ्यात जे वजन होतं तेच इथे ओझं झालं.

७ मार्च

ब्रिटिश म्युझियमच्या छापचित्रांच्या अभ्यासिकेत गेले. आधी वेळ घ्यावी लागते, पैसे लागत नाहीत, पेन आत चालत नाही. रंगवलेली प्रत मागवली. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. जे कुणी असलं काम हाती घेतील त्यांनी बिनरंगी पानावरून सुरुवात करू नये, एवढं या सगळ्या नोंदींतून घेतलं तरी पुरे.

बोनच्या पानावर जी जागा मला रिकामी वाटली होती ती झिजलेली नव्हतीच. ती रंगासाठी सोडलेली होती. पिटच्या कोटावर गिलरेने रेघा टाकल्यात त्या फक्त घडीच्या सावलीत आणि कडेला. मधला सगळा भाग नुसता कागद, त्यावर लाल एका हाताने ओढलेला. छाया द्यायला रेघ आणि रंग दोघांनी एकमेकांच्या कामात पाय घातलेला नाही. चेहऱ्यांवर तर रेघ अगदी कमी, बारीक टिंबं, आणि त्यावर गालाला गुलाबी पुसट हात. नेपोलियनचा तो हावरट चेहरा मी आठवडाभर रेघांनी घडवत होते. त्याने तो टिंबांत आणि एका नाकात उरकलाय.

आणखी एक. रंग भरणाऱ्याने घाई केलीय. निळा दोन ठिकाणी रेघेबाहेर गेलाय, खुर्चीचा पिवळा मध्येच संपलाय. ही चित्रं बातमी शिळी व्हायच्या आत खिडकीत लागायला हवी होती. इथली बातमी म्हणजे नेपोलियनने इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला तहाचं पत्र लिहिलं २ जानेवारी १८०५ला, आणि चित्र बाहेर आलं फेब्रुवारीअखेर; त्यात विचार, पत्रा, छपाई, रंग सगळं. दाट रेघा काढायला वेळ नव्हता, आणि काढल्या असत्या तर रंगाऱ्याचंही काम बिघडलं असतं. मी मात्र निवांत बसून बिघडवलं.

कागदही बघितला. तो त्या काळचा सरस दिलेला, गुळगुळीत. रंग वर बसलाय, आत गेलेला नाही.

१६ मार्च

नवा पत्रा घ्यायचा की हाच घोटायचा? नव्याचे ५२ पौंड आणि सगळं पहिल्यापासून. घोटायचं ठरवलं.

कोट आणि भिंत. खोल रेघा स्क्रेपरने, उथळ बर्निशरने. पूर्ण घालवायच्या नाहीत. उथळ झाल्या की फिकट छापतात, तेवढंच हवंय. भिंतीवरची अर्धी जाळी काढली. पिटचा कोट जवळजवळ मोकळा केला. नेपोलियनच्या कोटात ५० मिनिटं खालेल्या रेघा होत्या, त्या जाईनात. मागून ठोकून वर आणाव्या लागल्या आणि तरी हलकी छटा राहिली. राहू दे.

यात दोन शनिवार-रविवार गेले. रेघ काढण्यापेक्षा काढून टाकायला दुप्पट वेळ लागतो.

२३ मार्च

छपाई. शाई जवसाच्या तेलातली, काळ्यात थोडा बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग मिसळून. निव्वळ काळा फार थंड दिसतो. ताव आदल्या रात्री भिजवून प्लॅस्टिकमध्ये दाबून ठेवले होते. शाई जाळीच्या कापडाने पुसायची, शेवटचा हात तळव्याने, तळव्याला खडूची पूड लावून. पत्र्यावर शाईचा पडदा ठेवायचा मोह होतो, कारण त्याने प्रत खुलते. रंगवायची असेल तर ठेवू नका. स्वच्छ पुसा. तो करडा पडदा रंगाखाली पुन्हा मळकटच दिसतो.

कागद बदलला नाही. माझ्याकडे या कागदाचे ताव भरपूर पडून आहेत आणि त्यावर रेघ उत्तम उमटते. सरस नंतर देणार.

१३ एप्रिल

तीन आठवडे शाई वाळू दिली. बोटाने घासून पाहिली, लागत नाही.

सरस: एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम जिलेटिन, आधी गार पाण्यात फुगवून मग मंद आचेवर. उकळू द्यायचं नाही, उकळलं की चिकटपणा जातो. चिमूटभर तुरटी. गरम असतानाच रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना, मग दोरीवर.

सासूबाई नाशिकहून आल्यात. पातेल्यात डोकावल्या.

“हे कशाचं गं?”

“जिलेटिन आहे, आई. कागदाला लावायचं.”

“म्हणजे हाडांचंच ना? ते पातेलं परत माझ्या ओट्यावर आलेलं दिसायला नको.”

पातेलं वर्कशॉपला गेलं. खर्चात ९ पौंड वाढले.

दोन ताव दोरीवरून खाली पडून एकमेकांना चिकटले. बाकीचे ठीक. वाळल्यावर किंचित वळतात. फळीखाली दाबून ठेवायचे.

२० एप्रिल

रंग. जुन्या रंगांपैकी गँबोज विषारी आहे, त्याच्याऐवजी आताचा पिवळा घेतला. प्रशियन ब्लू तोच. हिंगूळाऐवजी कॅडमियम रेड. रंग पातळ ठेवायचा, रेघ त्यातून दिसली पाहिजे.

एकटीने एक प्रत पूर्ण रंगवायला जवळपास दोन तास लागले. दुकानदार साधी आणि रंगीत अशा दोन दरांत प्रती विकत. रंगीत काम नमुना समोर ठेवून रंगारी करत. म्हणून मीही एक नमुना रंगवला, तो भिंतीला टेकवला आणि घरच्यांना कामाला लावलं. पुतण्याला निळा दिला, मला पिवळा आणि चेहरे, सासूबाईंना लाल.

त्यांनी पहिलाच कोट माझ्यापेक्षा सपाट भरला. मी कडेने रेघेला धरून हळूहळू आत येत होते. त्यामुळे कड वाळते आणि मध्ये डाग पडतो. त्यांनी ब्रश भरून घेतला, मध्यापासून सुरू केला आणि ओलावा पुढे ढकलत कडेपर्यंत नेला.

“ओल तुटू द्यायची नाही. आणि रेघेबाहेर गेलं तर जाऊ दे, लांबून कुणाला दिसतंय?”

“म्युझियममधल्या प्रतीतही गेलंय, आई.”

“मग काय तर.”

दुपारनंतर एका प्रतीला वीस मिनिटांच्या आत आलो. पुतण्याने एका नेपोलियनचा कोट हिरवा केला, मुद्दाम. ती प्रत त्यालाच दिली.

पुन्हा करेन तेव्हा क्रम बदलेन: आधी पिवळा, मग लाल, निळा शेवटी. निळा ओला असताना शेजारी पिवळा गेला की कडेला हिरवी झालर येते, आणि पुडिंगच्या समुद्राला नेमकी तीच आली.

२७ एप्रिल

हिशेब. पत्रा ५२, कागद ६०, शाई आणि ग्राउंड ३१, वर्कशॉपची फी १४०, जिलेटिन-तुरटी आणि ते पातेलं मिळून १५, किरकोळ २०. एकूण ३१८ पौंड. देण्याजोग्या प्रती १६. वाया गेलेल्या त्यांच्यापेक्षा कमी नाहीत. वेळेचा सगळ्यात मोठा घास दाट रेघांनी खाल्ला, आधी काढताना आणि मग घालवताना.

सासूबाईंचं म्हणणं, “विकत कोण घेणार? भाड्याने दे.” त्यांना माहीत नाही, पण पिकॅडिलीतला सॅम्युअल फोर्स हेच करायचा, व्यंगचित्रांचे गठ्ठे संध्याकाळपुरते भाड्याने द्यायचा, पाहुण्यांची करमणूक म्हणून.

प्रत्येक प्रतीच्या पाठीवर ‘नक्कल’ असं आणि यंदाचं साल पेन्सिलीने लिहिलंय, शिवाय पत्र्यावर चौकटीच्या आत, टेबलाच्या पायाशी, माझी आद्याक्षरं एच केलीत. पेन्सिल खोडता येते, पत्रा नाही. पत्र्याला मेणाचा थर देऊन कागदात गुंडाळून ठेवलाय. अजून वीसेक प्रती निघतील. घोटलेल्या भिंतीवरच्या रेघा मात्र आताच फिकट पडायला लागल्यात, तेव्हा पुढच्या वेळी तिथे आधी पाच मिनिटं आम्ल द्यावं लागेल.